भिंतीवरच्या बाह्या

आमच्या थोरल्या जाऊबाई शिवणवर्गात शिवण शिकवतात. मी तिथेच कापड बेतायला शिकवते, म्हणजे घरी आणि कामावर दोन्हीकडे त्यांचंच राज्य सोसते. त्यांची नजर म्हणजे नजर. दारातून आत येणाऱ्याच्या कॉलरचं एक टोक आखूड असेल, तर नाव विचारायच्या आधी त्यांना ते दिसतं. पण काम तपासण्याची तऱ्हा अशी, की चांगलं असेल तर "हं", नसेल तर "उसव". पुढे एक अक्षर नाही. त्यांच्या उस्तादांनी त्यांना असंच शिकवलं होतं.

वर्गात दोन मुलांची एक आई होती. तिच्या वाट्याला इतक्यांदा "उसव" आलं, की बाकीच्या तिला उसवीच म्हणू लागल्या. मागच्या परीक्षेत बाहीनेच तिला नापास केलं होतं. पलीकडच्या गणवेशांच्या कारखान्यात तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण प्रमाणपत्र हवं होतं आणि परीक्षेची ही शेवटची संधी होती. एक दिवस उसवून उसवून कापडाच्या कडेचे धागे निघाले, तशी ती उठली.

"बाई, शंभरदा उसवते. पण चुकलं काय ते तरी सांगा. नाहीतर उद्यापासून मी येत नाही."

जाऊबाईंनी बाही हातात घेतली, फिरवली, तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "हे... असं नको."

त्यांची बोलती बंद झालेली मी पहिल्यांदाच पाहत होते. खोटं कशाला बोलू, मला हसू आवरेना. घरी भाजी चिरता चिरता त्या म्हणाल्या, "दिसतं गं मला. सांगताच येत नाही. तू मदत कर."

मग भांडत भांडत आम्ही ठरवलं, की बाहीत बघायचं काय: टीप, दुमड, आणि बाही खांद्याला जोडतात तो मुंढा. प्रत्येकाच्या चार पायऱ्या, वाईटापासून उत्तमापर्यंत. नुसतं लिहून भागणार नव्हतं, म्हणून शिवलेले नमुनेच भिंतीवर लावायचे आणि खाली एकेक ओळ. वरचे नमुने जाऊबाईंनी चहा निवायच्या आत शिवले. गाडी अडली ती खालच्या पायरीवर. त्यांच्या हाताला वाईट शिवताच येईना! मान वळवून शिवलं तरी टीप सरळच. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू शीव." मी शिवलं. पहिल्याच फटक्यात जमलं.

नियम केला, की बाईंना दाखवण्याआधी बाही भिंतीशी धरायची, कुठली पायरी ते आपणच सांगायचं, आणि वर चढायला काय करावं लागेल तेही.

"सगळंच खालचं," उसवी न बघताच म्हणाली.

"नीट बघ. आधी टीप," जाऊबाई म्हणाल्या.

ती बघत राहिली. "टीप... वरच्यासारखीच दिसतेय, बाई."

"आहेच. दुमड?"

"तीपण." तिचा आवाज चढला. "मुंढ्यात चुण्या आहेत. मी खालून शिवत येते, मग कापड शेवटी उरतं."

"मग बाहीचा मध्य आधी खांद्याला टाच. जास्तीचं कापड दोन्हीकडे वाटून घे."

एवढंच होतं. जाऊबाई खुर्चीत बसल्या आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "इतके महिने हिची चांगली टीप मी उसवायला लावली." मला त्यांचा फार अभिमान वाटला. मी असते, तर कापडाला दोष दिला असता.

परीक्षक आले ते अगदी जुन्या वळणाचे. उसवीची बाही उलटीसुलटी केली, "हं" म्हणाले आणि पुढे सरकले.

"साहेब, हं म्हणजे कितवी पायरी?"

जाऊबाईंना ठसका लागला. उसवीने परीक्षकांना सरळ भिंतीपाशी नेलं. "टीप वरची, दुमड वरची, मुंढा वरून दुसरा. मागे एक बारीक चुणी राहिलीय. मध्य टाचताना केसभर सरकला."

ती चुणी शोधायला परीक्षकांना खिशातून चष्मा काढावा लागला. मग हसून म्हणाले, "पास. आणि पायरी तू सांगतेस तीच."

ते गेल्यावर उसवीने सवयीने कात्री उचलली. "तेवढी चुणी उसवू का, बाई?"

"हात लावून तर बघ," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी वरून दुसऱ्या पायरीवरचा स्वतःचा मुंढा काढला आणि तिथे तिची बाही टाचली. माझे नमुने मात्र अजून खालीच आहेत.