हात उलटा होईपर्यंत

शेपूट,

घरचं नाव घेतलं म्हणून रागावू नकोस. तुला या नावानं हाक मारणाऱ्या आता दोघीच उरल्या आहेत. एक मी, तुझी कॉलेजपासूनची मैत्रीण, आणि दुसरी तुझी ताई. तिच्याशी तू बोलत नाहीस, म्हणून सगळं माझ्याच कानावर येतं. परवा फोनवर तू पुन्हा सुरू केलंस, "ती पाठ माझी होती, माझी!" मी फोन टेबलावर ठेवला, चहा गाळून आणला, तरी तू पाठीवरच होतीस. तेव्हाच ठरवलं की हे प्रकरण एकदा लिहून काढायचं. तू मला ते तीनदा सांगितलंस आणि तिन्ही वेळा वेगळं सांगितलंस. आता मी सांगते. एखाद्या परक्या बाईची हकीकत सांगावी तशी सांगते, म्हणजे तुलाही जरा लांबून दिसेल. मध्ये बोलू नकोस.

तर, दोन बहिणी होत्या. थोरलीला सगळे ताई म्हणत. धाकटीला शेपूट, कारण ताई जाईल तिथं ही मागं. दोघींची अंगकाठी इतकी एकसारखी की पाठमोऱ्या उभ्या असल्या तर जन्मदात्या आईचीही गफलत व्हायची. फरक होता तो पुढून. ताईचा चेहरा लोक वळून वळून पाहत. धाकटीचा चेहरा पाहून लोक विचारत, "ताई आहे का घरात?"

ताईचे उतरलेले कपडे धाकटीला एक टाकाही न घालता बसत, आणि हेच तिचं दुःख होतं. थोडे सैल झाले असते, थोडे आखूड पडले असते, तर आईनं निदान एखादा नवा शिवला असता. "देवानं मापंसुद्धा तिचीच उरलेली दिली," असं ती कॉलेजात म्हणायची, आणि हसायची नाही.

कॉलेजच्या नाटकांतून दोघी टीव्हीवर गेल्या. आधी ताई, हे सांगायला नकोच. मग ती अंतराळातली मालिका आली, आणि दोघींचं नशीब एकाच खोलीत कोंडलं गेलं.

मालिका अशी: नऊ चंद्रांवर राज्य करणारी एक सम्राज्ञी. तिच्या खाणी एका लहानशा, काळ्या ग्रहावर. तिथले लोक जमिनीखाली राबतात, आणि त्यांची दूत दरबारात येऊन पाण्यासाठी, हवेसाठी हात जोडते. दरबाराचा नियम कडक. दारातून आत आलं की जमिनीवर रंगवलेल्या काळ्या गोल कड्यात दोन्ही गुडघे टेकायचे, मान खाली घालायची, आणि सम्राज्ञीनं सिंहासनाच्या हातावरचा आपला हात उलटा करेपर्यंत उठायचं नाही. तळवा वर आला की उठ. नाही आला, तर राहा तशीच.

सम्राज्ञी कोण, ते कळलंच असेल. दूत कोण, तेही.

स्टुडिओ म्हणजे शहराबाहेरचं एक पत्र्याचं गोदाम. यानाच्या भिंती अंड्यांच्या ट्रेना रुपेरी रंग मारून केलेल्या. आपोआप सरकणारे दरवाजे दोन माणसं दोरीनं ओढत. 'स्स्' असा आवाज मागाहून भरला जाई. सिंहासन पोकळ होतं, टिचकी मारली तर डब्यासारखं वाजायचं. पण त्यावर ताई बसली, खांद्यावरून तो जांभळा झगा खाली सोडला, की डब्याचं सिंहासन व्हायचं. हे धाकटीला दिसायचं, आणि दिसायचं म्हणूनच पोटात दुखायचं. ताई वाईट नटी असती तर धाकटी सुखानं झोपली असती.

सहा वर्षं ती गुडघे टेकत राहिली. एकदा चांगलं झालं तरी दिव्यासाठी पुन्हा, उजेड चांगला पडला तर आवाजासाठी पुन्हा. विजारीच्या आत ती फोमच्या गाद्या बांधायची. घरी आली की नवरा गरम पाण्याची पिशवी पुढं करायचा आणि समजूत घालायचा, "अगं, ते सगळं खोटं आहे."

"गुडघे खरे आहेत ना?" ती म्हणायची.

आणि ताई? ताई दृश्य संपलं की खाली उतरून विचारायची, "लागलं नाही ना गं?" हे धाकटीला गुडघ्यापेक्षा जास्त लागायचं. दरबारात मान खाली घालायची ती घालायचीच, वर बाहेर येऊन काळजीही करून घ्यायची! स्टुडिओतले लोक ताईला 'महाराणी' म्हणत आणि हिला 'दूतबाई'. चहासुद्धा त्याच क्रमानं यायचा.

मग एके दिवशी मालिकेच्या लेखकानं सगळ्यांना बसवून शेवट वाचून दाखवला. खाणीतले लोक बंड करतात. नऊ चंद्र पडतात. सम्राज्ञीला तिच्याच दरबारात आणतात, आणि सिंहासनावर बसलेली असते ती दूत. सम्राज्ञी काळ्या कड्यात येते आणि गुडघे टेकते.

धाकटीनं पाणी प्यायलं. पुन्हा प्यायलं. ताईकडे पाहायचं तिनं कटाक्षानं टाळलं. त्या संध्याकाळी ती बस सोडून चालत घरी गेली आणि मला फोन करून म्हणाली, "मला बक्षीस नको, नाव नको, काही नको. ती एकदा माझ्या पायाशी हवी. एकदाच. मग मी सगळं विसरेन."

"विसरशील?" मी विचारलं.

"प्रयत्न करीन," ती म्हणाली. निदान खोटं बोलली नाही.

हात उलटा करायचा सराव ती घरी जेवणाच्या टेबलाशी बसून करू लागली. नवरा मीठ मागायचा, ही तळवा हळूहळू वर करायची. "मीठ दे गं," तो म्हणायचा, "राज्य नंतर कर."

चित्रीकरणाच्या आदल्या आठवड्यात दिग्दर्शकाचा फोन आला. "दूतबाई, एक अडचण आहे. महाराणींचा गुडघा. डॉक्टरांनी जमिनीवर टेकायला सक्त मनाई केली आहे. शस्त्रक्रिया ठरली आहे."

"गुडघा?" धाकटी ओरडली. "सहा वर्षं सिंहासनावर बसून कुणाचा गुडघा झिजतो? झिजायचे तर माझे झिजायला हवे होते!"

"ते खरंच आहे," दिग्दर्शक थंडपणे म्हणाला. "म्हणून असं करू. महाराणींचा चेहरा उभ्यानंच घेऊ, छातीपर्यंत. तुमचा सिंहासनावरचा भाग वेगळा घेऊ. आणि गुडघे टेकण्याचं दृश्य पाठीमागून. आता महाराणींसारखी हुबेहूब पाठ आम्ही कुठं शोधत बसणार?"

धाकटीला समजायला क्षणभर वेळ लागला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. इथं तर मनालाही इतकं सुचलं नसतं. ज्या दृश्यात ताईनं तिच्यापुढं वाकायचं, त्यात ताईच्या कपड्यांत तीच वाकणार. आणि समोर सिंहासनावर कोण? कुणी नाही. नजर ठरवायला एक काठी उभी करणार, वर लाल फडकं.

ती नाही म्हणणार होती. पण तेवढ्यात एक विचार आला, आणि तिनं हो म्हटलं. महाराणी कशी वाकते हे आता तिच्या हातात होतं. ताईनं वाकायचं तर ताठ मानेनं वाकली असती, हरूनही जिंकली असती. धाकटी तिला तसं वाकू देणार नव्हती. ती कोसळणार होती, पोत्यासारखी. खांदे पाडून, मान लोंबती ठेवून, हातावर फरपटत. सगळं जग पाहील की नऊ चंद्रांची महाराणी कशी लोळण घेते. पाठ कुणाची का असेना, नाव ताईचंच ना!

दृश्याच्या दिवशी ताई आली होती. पाय एका स्टुलावर ठेवून काळ्या कड्याच्या एका बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही अशी खुर्चीत बसली होती. धाकटीला तो झगा चढवला गेला. कपडेवाली टाचण्या घेऊन तयारच होती. तिनं पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि टाचण्या परत डबीत टाकल्या. "एक टाकासुद्धा नको! अंगावर शिवल्यासारखा बसला की हो!"

धाकटीनं ओठ चावला.

"शेपूट," ताईनं खुर्चीतून हाक मारली, "मान जरा वर ठेवशील ना?"

"बघते," धाकटी म्हणाली.

दिवे लागले. दोरीवाल्यांनी दरवाजे ओढले. धाकटी काळ्या कड्याच्या दिशेनं निघाली, आणि मागं सात हात जांभळं कापड सरपटत आलं. त्या कापडाला वजन होतं. इतकी वर्षं ती त्याच्या समोर वाकली होती; आतून ते कसं लागतं हे तिला ठाऊक नव्हतं. खांदे आपोआप मागं गेले. समोर ते लाल फडकं, आणि ती त्याच्याकडे अशी पाहू लागली, जणू तेच तिचं राज्य गिळून बसलं आहे. कड्याशी ती थांबली. इथं कोसळायचं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा अंगावर चढलेलं राज्य कुणी असं धुळीत फेकतं का? हे माझं आहे, असं तिला वाटलं. ताईचं नाही, माझं. एक गुडघा टेकला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. पाठीचा कणा मात्र जागचा हलला नाही.

दिग्दर्शकानं "कट" म्हटलं ते कुजबुजल्यासारखं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

धाकटी उठली नाही.

लोकांना वाटलं, अजून भूमिकेत आहे. मग वाटलं, पाय आखडला. कपडेवाली पुढं झाली. धाकटीला स्वतःलाही कळेना की आपण का उठत नाही. सहा वर्षं त्या कड्यात गुडघे टेकलेल्या बाईला एकच गोष्ट उठवत आली होती, आणि ती अजून झाली नव्हती. काठीला हात नव्हता.

खुर्चीतून ताईनं, स्वतःच्याही नकळत, हात उलटा केला.

धाकटीनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून तळवा पाहिला, आणि तिचे गुडघे तिला न विचारता उठले.

मग हशा पिकला. दोरीवाले हसले, दिवेवाले हसले, दिग्दर्शक डोळे पुसत हसला. "सवय, दूतबाई, सवय!" फक्त ताई हसली नाही. आपल्या हाताकडे पाहत बसली. ती हसली असती तर बरं झालं असतं, असं धाकटी अजून म्हणते.

शेवटचा भाग लागला तेव्हा गल्लीतल्या टीव्ही असलेल्या प्रत्येक घरातून हुंदके ऐकू आले. दुसऱ्या दिवशी वाणी म्हणाला, "तुमच्या बहिणीनं काय काम केलंय हो! नुसत्या पाठीनं रडवलं." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तो कणा! तो कणा जन्मजात असावा लागतो." धाकटीनं सामान घेतलं आणि घरी येऊन कांदे चिरले, गरज नसताना.

वर्षाच्या शेवटी पुरस्कार मिळाला, ताईला. आयत्या बिळावर नागोबा, असं धाकटी म्हणायला तोंड उघडते न उघडते तोच ताईनं मंचावर उभं राहून, काठीवर रेलून सांगितलं, "तुम्ही ज्या पाठीसाठी मला हे देताय, ती पाठ माझी नाही. माझ्या धाकट्या बहिणीची आहे."

आता यावर काय म्हणावं? लोकांना तो विनय वाटला! सभागृह उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की एवढी मोठी नटी, पण श्रेय कसं वाटून देते. खरं बोलूनही टाळ्या तिनंच नेल्या. त्या दिवसापासून धाकटीनं बोलणं टाकलं. चोरी केली असती तर माफ केली असती, म्हणते. चोरी परत करूनही तीच मोठी, हे कसं सोसायचं?

ही झाली हकीकत. आता तुझ्याशी बोलते, शेपूट.

ताईनं तो पुरस्कार तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवला, त्याला आता किती वर्षं झाली, मोजत नाही. "तिला म्हणावं, घेऊन जा, तिचाच आहे," असा निरोप माझ्याजवळ दिला. तू म्हणालीस, "ती देणार कशी? हात उलटा करून?" मी म्हटलं, बरं, तू जाऊ नकोस, मी आणते. त्यावर तू अगदी बारीक आवाजात म्हणालीस, "आण."

मी गेले. माझी जाड कापडाची पिशवी दिली. ताईनं तो स्वतः पुसला, जुन्या टॉवेलात गुंडाळला, पिशवीत घातला आणि म्हणाली, "जड आहे, जपून ने." मी चप्पल घालते तोच माझ्या मोबाइलवर तुझा फोन. "आज नको. ठेवू कुठं? येणारा-जाणारा विचारेल, कुणाचा म्हणून. मी काय सांगू, ताईचा?" मी पिशवी ताईच्याच दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि आले.

त्यानंतर तू दोनदा "आण" म्हणालीस आणि दोनदा मी पायऱ्या उतरत असताना "नको" म्हणालीस. ताई दर वेळी विचारते, "निरोप आला का?" पिशवी अजून त्या खिळ्यालाच आहे, टॉवेलासकट. पिशवी माझी आहे, चांगली आहे, आणि बाजारात नेण्यासारखी माझ्याकडे दुसरी नाही.