लंगोटांची बादली

कापडी डायपरची पहिली पेटी घरात आली तेव्हा मला वाटलं, नातीला कुणीतरी खेळणी पाठवली. पिवळे जिराफ, निळे ढग, कलिंगडाच्या फोडी अशा नक्षीचे तुकडे, त्यांना टिच बटणं आणि आत सरकवायला जाड पट्ट्या. सून एकेक उघडून दाखवत होती. बाजारच्या डायपरने पोरीच्या मांड्यांत लालभडक पुरळ उठलं होतं, त्यामुळे सुनेचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण शेवटी ती कौतुकाने म्हणाली, "आई, तुमच्या वेळच्या पद्धती किती छान होत्या ना!" आणि मी हातातला जिराफ पेटीत परत ठेवला.

माझ्या वेळच्या पद्धती मला चांगल्या आठवतात. कल्याणला चाळीत दोन खोल्या होत्या आणि नळ सगळ्यांत मिळून एक. ठाण्याला, टेंभी नाक्याजवळच्या एका शाळेत मी शिकवायला जात होते. मुलगा झाला आणि घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लंगोटच लंगोट झाले. रजा संपत आली तसं मी एकदा सासूबाईंना म्हटलं, "बाळ, लंगोट, शाळा, सगळं कसं जमायचं? मी नोकरी सोडते." मनातून वाटत होतं, त्या म्हणतील, नको गं, मी आहे ना. त्या तांदूळ निवडत होत्या. "बरं," म्हणाल्या. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

पुढे सगळं आयुष्य मी घरातच शिकवण्या घेतल्या. चाळ सुटली, आम्ही डोंबिवलीत कोपरच्या बाजूला फ्लॅट घेतला, मुलाचं लग्न झालं, हे गेले. मग एक दिवस शिकवण्यांची पाटी मी स्वतःच्या हाताने उतरवली आणि पालिकेच्या तलावावर बायकांच्या बॅचला नाव घातलं. या वयात. पायघोळ पोहण्याचा ड्रेस आणि रबरी टोपी घालून आरशात पाहिलं तेव्हा मीच हसत सुटले. पहिले काही आठवडे कठडा सोडायची छाती होत नव्हती. शिकवणारी मुलगी माझ्या नातवंडात शोभेल एवढी, पण दरडावायची, "आजी, मान सैल सोडा, पाणी धरतं तुम्हाला!" आणि एक दिवस पाण्याने खरंच धरलं. कान पाण्याखाली, डोळे आभाळाकडे, आणि कुणाची हाक ऐकू येत नाही. इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. पुढच्या महिन्यात आम्हाला खोल पाण्यात नेणार होते. मला तिथे जायचं होतं, बस, एवढीच माझी इच्छा.

आणि घरात जिराफ आले.

मशीन आहे ना घरात, असं कुणीही म्हणेल. आहे की! पण मशीनमध्ये टाकायच्या आधी जे हातानेच करावं लागतं, ते कुणासाठी राखून ठेवलंय? सून सकाळी ठाण्याला ऑफिसला जाते ती दिवेलागणीला येते. मुलगा आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करतो, म्हणजे खोलीचं दार लावून, कानाला हेडफोन लावून बसतो. दार जरा ढकललं की हात वर करून थांबवतो, मीटिंग आहे. राहिले मी. आमच्या सोसायटीत पाणी येतं नेमकं बॅचच्याच वेळेला. बाळाचं बघायला एक मुलगी येते, पण ती पहिल्याच दिवशी बजावून गेली, बाळाचं सगळं करेन, शी-शूचे कपडे धुणार नाही. तिला मी दोष देत नाही. मलाही असं पहिल्याच दिवशी म्हणता आलं असतं.

त्यात माझी स्वतःची खोड. तान्ह्या बाळाचे कपडे तिन्हीसांजेला बाहेर दोरीवर ठेवायचे नाहीत, हे माझ्या हाडीमाशी खिळलंय. वारं लागतं, नजर लागते, काय काय. मी यातलं काही मानत नाही, शिकलेली बाई आहे. तरी ऊन उतरू लागलं की जिथे असेन तिथून माझे पाय गॅलरीकडे वळतात. म्हणजे सकाळ बादलीने खाल्ली आणि संध्याकाळ दोरीने. बॅच आधी एक दिवसाआड चुकू लागली, मग सलग आठवडा गेला. तलावावरच्या मुलीचा फोन आला, "आजी, बाकीच्या खोल पाण्यात गेल्या. तुम्ही येताय ना? नाहीतर तुमची जागा दुसऱ्या कुणाला देतील." येते येते म्हणून मी फोन ठेवला आणि पुन्हा ब्रश उचलला.

वरून कौतुक. सुनेच्या मैत्रिणी आल्या, मी लंगोट घड्या घालत होते त्याचा व्हिडिओ काढला. "ग्रेट आहेत हां तुझ्या सासूबाई!" मी हसले. शिव्या दिल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. कौतुकापुढे माणूस काय करणार?

थोड्या दिवसांनी त्या डायपरना उग्र वास मारू लागला. धुऊन, वाळवूनही जाईना. कल्याणला असं झालं की आम्ही काय करायचो, मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा टाकून लंगोट खळखळून उकळायचो. मी तेच केलं. सगळे जिराफ, सगळे ढग, झाडून सारे पातेल्यात. काठीने ढवळून पाणी उतू जाईपर्यंत उकळले. निवल्यावर पिळायला घेतले तर आतलं पाणी अडवणारं अस्तर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं सुटून हातात आलं. एकूण एक खलास. मी ओट्याला टेकून उभी राहिले. खरं सांगते, वाईट वाटलं ते नंतर. आधी वाटलं, सुटले!

संध्याकाळी सुनेने ती सालं पाहिली. क्षणभर तिचा चेहरा पडला. मग एकदम उजळला. "जाऊ दे ना आई! आपण तुमच्यासारखेच करू. ते त्रिकोणी, बंदांचे. तुमच्या जुन्या सुती साड्या आहेत ना?"

होत्या. बाळाच्या अंगाला कोरं कापड लावायचं नाही, वापरून वापरून मऊ झालेलंच लावायचं, हे तिला मीच कधीतरी सांगितलं होतं. शाळेत नेसून जायचे त्या साड्या मी ट्रंकेतून काढल्या आणि माझ्याच हाताने टराटरा फाडल्या. त्या बंदांच्या लंगोटात पाणी अडवणारं काहीच नाही. पोरगी ओली झाली की लंगोट बदला, दुपटं बदला, खालची गोधडी बदला. बादली पूर्वी एक होती, आता दोन झाल्या. नात मात्र मऊ कापडात मजेत पाय झाडायची. पुरळ गेलं, गुटगुटीत दिसू लागली. तिच्याकडे पाहिलं की मला रागावताही यायचं नाही, आणि त्याचाच मग राग यायचा.

शेवटी एका रात्री जेवताना मी ताट पुढे सरकवलं आणि म्हटलं, "मला हे लंगोट धुवायचे नाहीत. मला पोहायला जायचंय."

सून खाली मान घालून म्हणाली, "बरोबर आहे तुमचं, आई. मी सोडते नोकरी."

आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. तो आवाज मी ओळखत होते. तो माझाच होता. आणि काय सांगू, माझ्या तोंडात "बरं" आलं होतं. अगदी जिभेच्या टोकावर. सगळ्या गोष्टी त्या एका शब्दात सुटत होत्या, बॅचसुद्धा. मी घटाघटा पाणी प्यायले आणि म्हटलं, "काही सोडायची नाहीस. धुईन मी."

मुलाने सुटकेचा श्वास टाकला. "झालं ना मग? मिटलं. आई, भात वाढ ना जरा."

मी वाढला. हात आपोआपच गेला. मग लक्षात आलं, इतका वेळ आम्ही दोघी एकमेकींकडेच बघत होतो, तू की मी, मी की तू. त्याच्याकडे दोघींपैकी एकीनेही पाहिलं नव्हतं. ज्याची पोर, तो वरणभात कालवत होता. आणि त्याला असं बसायला शिकवलं कुणी? मीच ना!

"मिटलं नाही," मी म्हटलं. "शनिवारपासून तू धुणार."

"मी?" तो हसला. बायकोकडे बघून पुन्हा हसायला गेला, पण ती हसत नव्हती.

शनिवारी दोघांना सुट्टी. पाणी आलं तशी मी त्याला बाथरूममध्ये स्टूल दिलं, ब्रश दिला, बादली पुढे सरकवली आणि माझी पिशवी खांद्याला लावून दाराशी गेले. चप्पल पायात सरकवते तोच हाक आली, "आई!" साबण कुठला? सांगितला. "आई, हे पिवळं निघत नाहीये!" गेले, दाखवलं. "आई यार, तू किती फटाफट करतेस. मला एकाला वीस मिनिटं लागतायत. तूच कर ना आजच्या दिवस, प्लीज. पुढच्या शनिवारी नक्की." असं म्हणून तो स्टुलावरून उठलासुद्धा. ओल्या हाताने ब्रश माझ्यापुढे धरला. लहानपणी तुटलेलं खेळणं धरायचा, तसाच.

आणि मी तो घेतला. खांद्यावरची पिशवी सरकून कोपरात आली. वाकायचीच बाकी होते. एवढ्या वर्षांच्या सवयीचं अंग, ते कुणाला विचारत नाही.

मला धडकी भरली. आज वाकले तर पुन्हा कधी सरळ होणार नाही, असं वाटलं. मी ब्रश बादलीत टाकला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला स्टुलावर खाली बसवलं, बाहेर आले आणि दार ओढून बाहेरून कडी घातली.

"आई? अगं ए आई! काय करतेस?"

वळले तर मागे सून उभी. कडेवर पोर. तिने सगळं पाहिलं होतं. तिच्या नवऱ्याला मी संडास-बाथरूममध्ये कोंडलं होतं आणि तो आतून दार वाजवत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कडी काढायला मी हात पुढे केला.

तिने कडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "कोपऱ्यावर रिक्षा मिळेल. जा तुम्ही, बॅच सुरू होईल."