पाटीवरच्या दोघी

मुलीचा हॉकीचा सामना पाहायला हॉलंडमधल्या तिच्या क्लबवर गेले होते. आत भिंतीवर जुन्या विजेत्यांची लाकडी पाटी होती आणि शेजारी एक फोटो, खाली नाव लिहिलेला. पायघोळ स्कर्टातली बाई, एका हातात टेनिसची रॅकेट, दुसऱ्या हातात हॉकी स्टिक. पाटीवर टेनिसखाली सलग तीन वर्षं तिचं नाव, पुढची दोन वर्षं दुसरंच कुणाचं तरी.

"हिला हरवलं कोणी?" मी मुक्ताला विचारलं.

"कोणीच नाही गं आई. लग्न झालं तिचं. पुढेही तीच जिंकलीय, फक्त नवऱ्याच्या नावाने."

कोणाकडूनही न हरलेली बाई पाटीवर मात्र हरल्यासारखी दिसत होती. मला माझी खोखोची प्रशस्तिपत्रकं आठवली. त्यांवरच्या नावाने मला हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले. मीही खाल्ला.

पुढच्या महिन्यात मुक्ताचं लग्न. परवा तिच्या होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला होता. तांदळात लिहायला त्यांनी एक छानसं नाव काढून ठेवलंय.

"तुम्ही म्हणाल ते," मी फोनवर पटकन बोलून गेले होते.

बाहेर सामना सुरू झाला. "मुक्ता! मुक्ता!" मैदानभर हाका उठत होत्या आणि प्रत्येक हाकेला ती गर्रकन वळत होती. तिला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.