माघारी दिलेलं नाव

देवावर माझा विश्वास होता, पण रागही तेवढाच होता. भोकरजवळच्या शाळेत मी शिक्षिका. ऐन उमेदीत गेलेल्या मोठ्या माणसांचे फोटो मी वर्गाच्या भिंतीवर लावले होते. एक नावाजलेला पैलवान, साथीत रोग्यांची सेवा करता करता गेलेला एक डॉक्टर आणि लातूरजवळच्या मुरुडकडची, देवीची गाणी गाणारी कस्तुरी. रेडिओवर तिचा आवाज लागला की बाया चुलीवरचं विसरायच्या, आणि ती विशीतच गेली! असल्या माणसांनाच का नेतोस, असं मी देवाला तावातावानं विचारायचे. लेक झाली तेव्हा हट्टानं तिचं नाव कस्तुरी ठेवलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणाल्या, "अगं, अर्ध्यावर सुटलेलं नाव लेकराला ठिवतेत का? त्यापरीस धोंडी ठेव, यम वळूनसुदिक बघणार न्हाई." मी ते हसण्यावारी नेलं.

लेक बारावीला लातूरला क्लासेससाठी राहिली आणि तिथंच तिला डेंग्यू झाला. मी पोचले तोवर तिला आयसीयूत हलवलं होतं. प्लेटलेट्स चढवत होते आणि त्या पुन्हा उतरत होत्या. डॉक्टर म्हणाले, "आजचा दिवस बघू." एवढंच. पण मला खरी धडकी भरली ती दुसऱ्याच गोष्टीनं. मी "कस्तुरी" म्हणून हाक मारली की पोर माझ्याकडं बघायचीच नाही. माझ्या खांद्यावरून मागं, दाराकडं बघायची. हाक तिला नाही, मागं उभ्या असलेल्या कोणाला तरी मारली आहे, अशी.

भर दुपारी लाईट गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत बाहेरच्या बाकावर मी एकटीच होते. माहूरच्या रेणुकामातेचं नाव घ्यायचा प्रयत्न करत होते, पण तोंडात शब्द येईनात. तेवढ्यात शेजारी कोणीतरी बसल्याचं जाणवलं. उंच, थोराड, काळीसावळी बाई, हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. तिनं विचारलं, "लेकीचं नाव काय गं बाई?"

"कस्तुरी."

"ते एकीच्या लेकीचं हाय. लई दिवस वापरलंस. दे माघारी." असं म्हणून तिनं पदर पसरला.

मी भडकलेच. "अहो मावशी, वेळ काय, तुम्ही बोलताय काय! नाव कुठं परत देतात का?" ती पदर तसाच धरून बसली. पापणीही हलेना तिची. आत कसलातरी गजर वाजायला लागला आणि सिस्टर धावत गेली. इतकी वर्षं देवाशी घातलेला वाद, शहाणपण, सगळं गळून पडलं. मी रडत रडत रिकामी ओंजळ तिच्या पदरात उलटी केली. "घ्या, आई. नाव घ्या, पण पोर माझी मला ठेवा."

पायलीभर धान्य पडावं तसा तो पदर खाली ओढला गेला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिनं पदराला गाठ मारली आणि ती उठून गेली.

आत बोलावलं तेव्हा लेकीला काय म्हणून हाक मारू, तेच कळेना. मी नुसतं "बाळा" म्हटलं. मी आल्यापासून पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं आणि पाणी मागितलं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "औषधाला यश आलंय." आलंच असेल. मी कोणाशी वाद घालत नाही.

घरी आता ती धोंडीच. "आई, उद्या मी डॉक्टर धोंडी म्हणून पाटी लावू का?" म्हणून कुरकुरते. कुरकुर बाई, खुशाल कुरकुर.

ती हिंडूफिरू लागल्यावर तिला घेऊन मी मुरुडच्या पुढं, त्या गायिकेच्या गावी गेले. मला वाटलं होतं, दवाखान्यात आलेली बाई तिचीच आई असणार. पण खाटेवर चिमणीएवढी गोरी म्हातारी पडलेली. सून सांगत होती, कित्येक वर्षांत त्यांनी उंबरा ओलांडलेला नाही. मी काही सांगायच्या आतच म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "रोज दिवेलागणीला लेकीला हाक मारते बाई. इतकी वर्सं नुसती भित्तीच ऐकायच्या. आता ती ओ द्यायलीय."

सुनेनं मान खाली घातली. देवापुढं दिवा लागला होता. म्हातारीनं वळून हाक दिली, "कस्तुरे!"

माझी लेक माझ्याशेजारीच बसली होती. तिनं मान वर केली नाही.

आतल्या खोलीतून उत्तर आलं, "ओ, आले गं."

लेकीनं माझा हात घट्ट धरला. मी घाबरले का? हो, अंगावर सर्रकन काटा आला. पण म्हातारीचं तोंड बघितलं आणि भीती कुठल्या कुठं गेली. जगदंबेनं माझ्याकडून मागून घेतलेलं स्वतःजवळ ठेवलं नव्हतं. जिचं होतं, तिच्या घरी नेऊन पोचवलं होतं. मी त्या अंधाऱ्या खोलीकडं तोंड करून जमिनीला डोकं टेकलं.