मामांचं चिबड

माझं लग्न मातीतल्या कर्बामुळे जमलं असं मी सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं गडी थापा मारतोय. पण देवाशपथ खरं आहे. मुलीकडची मंडळी डोणगावला आमच्या घरी आली होती. चहापोहे झाले, माझं शिक्षण आणि नोकरी विचारून झाली, आणि एवढ्यात मुलीचे मामा कुठे दिसेनात. शोधाशोध केली तर ते घरामागच्या आमच्या वावरात उकिडवे बसलेले, हातातलं ढेकूळ नाकाशी, डोळे मिटलेले. परत आले ते हातही न धुता म्हणाले, "पोरगं कसं बी असो, मातीत कर्ब चांगला हाय. देऊन टाका पोरगी." आता सतरा वर्षं झाली. 'पोरगं कसं बी असो' हे वाक्य माझी बायको अजून भांडणात काढते.

हे मामा अमडापूरकडचे. घर वावरातच. शिक्षण जेमतेम मॅट्रिक, पण कधीतरी कृषी खात्याच्या एका शिबिरात 'सेंद्रिय कर्ब' हे दोन शब्द त्यांच्या कानावर पडले आणि माणूस कामातून गेला. पाला कुजतो, त्याचं खत होतं, खतावर ज्वारी येते, तिचा कडबा बैल खातो, बैलाचं शेण पुन्हा वावरात जातं. हे चाक ते आल्यागेल्याला बोटानं हवेत काढून दाखवायचे. शेजारच्या कुणी कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या पेटवल्या, की त्या आगीपाशी जाऊन टोपी काढून उभे राहायचे, मयतीला उभं राहावं तसे. "तुह्या आज्यानं वाह्यलेलं शेण वर जाऊन राह्यलं बे," एवढंच बोलायचे आणि परत येऊन अंगणातच थांबायचे. मामी त्यांच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतायची, तेव्हा कुठे उंबरा ओलांडायचे. एका वर्षी थंडीत इतक्या जणांनी पऱ्हाट्या पेटवल्या की मामांना न्यूमोनियाच व्हायचा राहिला. शेवटी मामीच घरोघर सांगत फिरली, "बाई, जाळू नोका वं, आमच्या माणसाले सर्दी होते." पुष्कळांनी खरंच जाळणं थांबवलं. मामांना वाटलं, आपल्या प्रचारामुळे. मामीनं त्यांचा तो भ्रम कधी मोडला नाही.

जावयाला नवे कपडे करण्याची रीत सगळीकडे आहे, पण नवे देऊन जुनं बनियन काढून घेणारे मामा मी एकच पाहिले. सुती कापड वावरात पुरायचं आणि दोन महिन्यांनी उकरायचं. जितकं कुजलं तितकी माती जिवंत. एका वर्षी माझं बनियन त्यांनी विहिरीजवळच्या लाडक्या पट्टीत पुरलं. उकरलं तर जसंच्या तसं, झटकून घालावं असं! मामा दोन दिवस जेवले नाहीत. साऱ्या वावराचं शेणखत त्या एकट्या पट्टीत गेलं. बनियन सुती नव्हतं, चांगलं नायलॉन मिसळलेलं होतं, हे मला पहिल्यापासून माहीत होतं हो. पण नवा जावई, तोंड कुठल्या तोंडानं उघडणार?

मामांची खरी इस्टेट म्हणजे वावराच्या खालच्या टोकाचं चिबड. वर पाझर तलाव, त्याचं पाणी झिरपून झिरपून अर्धा एकर जमीन बारमाही पाणथळ झालेली. लव्हाळा, पाणकणीस, बेडूक, आणि पाय घातला की मांडीपर्यंत काळा चिखल. मामी रोज सकाळी अंगण झाडून टोपलंभर पाला तिथं नेऊन टाकायची. मामा चिडायचे, खत वाया जातं म्हणून. मग त्यांनीच एकदा हात घालून पाहिला आणि आतून जुनी पानं निघाली, काळी पण अख्खी. त्या दिवशी मामा अर्धा एकर उंच झाले. "पाण्याखाली हवा नाही. कुजवनारे जीव तिथं जगत नाहीत," ते मला सांगायचे. "वावरात सारं फिरते, जवाईबुवा. इथं येऊन बसते. उठतच नाही." तेव्हापासून मामी टोपलं घेऊन निघाली की मागोमाग मामा. दोघं काठावर बसायचे. काय बोलायचे कोण जाणे. बहुतेक मामाच बोलायचे.

तीन वर्षांपूर्वी मामी गेली. मामांनी ढेकळं हुंगायचं सोडलं, पऱ्हाट्यांच्या आगीकडे पाहीनासे झाले. आम्ही गेलो तरी बनियन मागेनात. तेव्हा मला बनियन द्यावंसं इतकं वाटायचं, की एकदा मी दोन शुद्ध सुती घेऊन गेलो. "ठेवा तिथं," म्हणाले. दिवसभर चिबडाच्या काठाशी पाठमोरे एकटे बसलेले असायचे.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचा, गजाननचा, फोन आला. "भाऊजी, चिबडातून चर काढून राह्यलो. पानी निघून गेलं का सोयाबीन पेरतो. बाबा ऐकत नाहीत, तुमी समजवा." गजानन काही वाईट नाही. बापाचं ते काठावर बसणं त्यालाही बघवत नव्हतं. मी पोचलो तेव्हा जेसीबी उभा होता आणि मामा त्याच्यासमोर.

"चर खोदला का हवा घुसते, गजू," ते सांगत होते. "हवा घुसली का दोन उन्हाळ्यात सारं कुजून वर जाते. वावरातलं आपण खाल्लं, इकलं. तुह्या मायच्या हातचं जे उरलं ते इथं हाय. दुसरीकडं काहीच नाही रे."

"बाबा, तो पालापाचोळा हाय," गजानन म्हणाला आणि त्यानं ड्रायव्हरला हात केला.

पहिलीच बकेट वर आली आणि काठावर काळ्या चिखलाचा ढीग पडला.  मामा ढिगापाशी बसले आणि बोटांनी चाळू लागले. पानं, काड्या, पुन्हा पानं. मग त्यांचा हात थांबला. दोन्ही हातांनी त्यांनी जे उचललं ती पळसाची पत्रावळ होती. काळी पडलेली, एका कडेला फाटलेली, पण गोल. काडीचे टाके जागच्या जागी.

"तुह्या लग्नातली," मामा म्हणाले. "थर्माकोलच्या आनल्या होत्या तू. तुही माय म्हने, माह्या पोराच्या पंगतीत ते नाही चालत. पंधरा दिवस लावत बसली होती."

गजाननानं टाक्यांवरून हळूच बोट फिरवलं. जेसीबीवाल्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. मीच खूण केली. ड्रायव्हरनं मशीन बंद केलं.

"हवा लागू देऊ नोको," मामा म्हणाले. "संध्याकाळपर्यंत भुगा होईन."

गजाननानं त्यांच्या हातातून पत्रावळ घेतली. पँट न दुमडता तो चिबडात उतरला, गुडघाभर, मग मांडीभर. पत्रावळ दोन्ही तळव्यांवर आडवी धरून वाकला आणि ती चिखलात खाली सोडू लागला. मनगटं बुडाली, कोपरं बुडाली. हनुवटी पाण्याला लागली, तरी काठावरून मामा म्हणतच होते, "आनखी खाली, बापा. आनखी खाली."