कप्तानाचा चौथा पाय आणि मनोहरगड

"टीचर, हाड छान जुळलंय," जनावरांचे डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून म्हणाले. "पाय टेकवत नाही तो सवयीने. पण असाच अधांतरी ठेवला तर महिन्याभरात मांस सुकेल आणि पाय कायमचा निकामी होईल. सपाटीवर तो तीन पायांवर भागवतो. चढावर न्या त्याला."

आता आम्ही पडलो मालवणचे. दारात वाळू, फिरायला जायचं तर तिथेही वाळू. चढ आणायचा कुठून?

कप्तान म्हणजे आमचा तांबूस गावठी कुत्रा. शाळेच्या घाईत एके दिवशी मी फाटकाची कडी लावली नाही, तो रस्त्यावर धावला आणि मोटारसायकलखाली त्याचा मागचा डावा पाय मोडला. घरात मला कुणी अवाक्षर बोललं नाही, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. मुलांकडून मी चुकलेला शब्द दहा दहा वेळा लिहून घेते, मग माझ्या चुकीपोटी एक डोंगर चढायला काय हरकत होती? शोधाशोध करून मनोहरगड ठरवला. शिवापूर गावातून वर जायला रमतगमत दीड-दोन तास, वाट सोपी, शेवटी दगडी पायऱ्या.

शनिवारी संध्याकाळीच चर्चमधली मिसा आटोपली आणि रविवारी पहाटे निघालो. एसटीत कुत्रा न्यायचा म्हणजे कंडक्टरशी हुज्जत, म्हणून माझा धाकटा भाऊ आग्नेल याची रिक्षा घेतली. कप्तान मागच्या सीटवर असा ऐसपैस बसला की मी कोपऱ्यात. कुडाळला काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव खाल्ला. तिथून पिंगुळी, झाराप, माणगाव करत शिवापूर. रस्ता एकंदर बरा आहे, पण माणगावच्या पुढे वळणं बरीच, तेव्हा कुत्र्याला प्रवासाआधी पोटभर खायला घालू नका. आमची सीट धुवायला आग्नेलला अर्धा तास लागला.

वाट दाखवायला गावातले विठूकाका येणार होते. सत्तरीचे, काटक, हातात कोयती. डोंगराच्या पायथ्याशी देवाच्या दगडापुढे त्यांनी नारळ ठेवला आणि थबकून माझ्या पिशवीकडे बघितलं.

"बाय, पिशयेत काय गो?"

"पाणी, बिस्किटं... आणि सुको बांगडो. कुत्र्यासाठी."

"सुको बांगडो? देवाच्या डोंगरार?" काका हसायला लागले. "मालवणची माणसां ती! ठेव हयच. येताना घे."

माझी सगळी योजनाच त्या बांगड्यावर होती. बांगडा दाखवत दाखवत त्याला वर न्यायचा! पण दुसऱ्याच्या देवाच्या दारात वाद घालू नये, एवढं आम्हाला घरी शिकवलंय. बांगड्याची पुडी तेवढी फणसाच्या फांदीला टांगली. मग काकांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्यो कप्तान मालवणसून तुझ्या पायाकडे इलो हा. तेच्या पायात जा काय वाकडानाकडा असात, ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघं भावंडं ओरडलो. आग्नेल तर चर्चमध्ये 'आमेन' म्हणतो त्याच्या दुप्पट आवाजात.

चढ सुरू झाला, सावलीचा आणि गार. कप्तान तीन पायांवर उड्या मारत शंभरेक पावलं आला आणि बसला. डावा पाय उचलून त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला गलबलून आलं. मासळी बाजारात तो असाच बघतो. मग सुगंधामावशी "बिचारो लंगडो गो!" म्हणत पाटीतला एक पेडवा त्याच्यापुढे टाकते, शेजारची दुसरा टाकते. मी बिस्किट काढलं. त्याने तोंड फिरवलं.

"उचलून घेऊया काय?" मी आग्नेलला विचारलं.

"तेच्याकडे बघू नको, बाय," काका पुढूनच म्हणाले. "बघणारो आसा, म्हणान दुखता. चल फुडे. मागे वळाचा नाय."

एवढा कठीण चढ मी आयुष्यात चढले नाही. वाट सोपी होती, मागे न बघणं कठीण होतं. मागे नुसती शांतता. तो तिथेच बसून राहिला तर? पुन्हा माझ्यामुळेच? डोळे भरून आले, पण वळले नाही. मग पाचोळा वाजला. टप टप टप, थांबला. टप टप टप, थांबला. पायऱ्या लागल्या तशी दगडावर नखं वाजायला लागली, आणि मधेच तो थांबा गेला. टप टप टप टप. मी आग्नेलचा दंड एवढा घट्ट धरला की तो कळवळला. पुढच्याच वळणावर कप्तान आम्हाला मागे टाकून, चारही पाय टाकत, पडक्या दरवाजातून गडावर शिरला. मी तिथेच पायरीवर बसून रडले.

वर तटाचे अवशेष, भन्नाट वारा आणि समोर मनसंतोषगडाचा सुळका. तिकडे जायची वाट धोक्याची आहे, कुत्रा असो-नसो, जाऊ नका. पाणी खालूनच न्या. उतरल्यावर कुत्र्याचे कान आणि बोटांमधल्या फटी गोचिडींसाठी तपासा. काकांकडे आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर जेवण मिळतं. कुळथाची पिठी, भाकरी आणि सोलकढी अशी होती की आग्नेलने तीनदा भात मागितला. फणसावरचा बांगडा कप्तानाने एकट्याने संपवला.

घरी आल्यावर फाटकाला स्प्रिंग लावून घेतली, आता ते आपोआप मिटतं. तरी मी कडी घालते आणि परत येऊन एकदा बघते.

दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात गेलो. रस्ताभर कप्तान चार पायांवर ऐटीत चालला. सुगंधामावशीची पाटी दिसताच थांबला, मान वाकडी केली आणि पाय उचलला.

उजवा.

"बिचारो गो!" म्हणत मावशीने पेडवा टाकला. मी तो खाऊन संपवेपर्यंत त्याच्या डाव्या पायाकडे बघत राहिले. सगळा भार त्याच्यावर होता आणि तो जरासुद्धा थरथरत नव्हता.