मास्तर कामात आहेत

माझा तपकिरी कोट मी मास्तरांकडे टाकला तेव्हा झाडांवर पानं होती. आतलं अस्तर खांद्यापाशी उसवलं होतं, एवढंच काम. नवशिक्यानेसुद्धा एका बैठकीत केलं असतं. पण मास्तरांनी कोट दांडीला अडकवला, त्याला चिठ्ठी टाचली आणि म्हणाले, "उद्या देतो, वहिनी." त्यानंतर मी रोज जेवणाच्या सुट्टीत जायचे, "झाला का माझा कोट?" असं विचारायचे, आणि ते मान वर न करता म्हणायचे, "उद्या." रस्ता पानांनी भरून गेला, मी स्वेटरवर स्वेटर चढवायला लागले, कोट आपला दांडीवरच. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर त्याची धडगत नव्हती.

पण या अख्ख्या गल्लीत माझ्याशी माझ्या भाषेत बोलणारे ते एकटे. मी दोन दारं पलीकडे दाताच्या दवाखान्यात फोन उचलायला बसते. दिवसभर परक्या भाषेत गोड बोलून बोलून जबडा दुखायला लागतो. सुट्टीत मास्तरांकडे जाऊन घटकाभर मनसोक्त कुरकुर केली की मग कुठे उरलेला दिवस ढकलता येतो. शिंपी म्हणून मी त्यांना मास्तर म्हणते. ते ऐकून इथले लोकही मास्तर म्हणायला लागले, त्यांना वाटतं ते त्यांचं नावच आहे.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. दाराला घंटी. डाव्या हाताला कोटांची दांडी, उजवीकडे इस्त्रीचं टेबल, समोर खिडकीला लागून काळी, जड मशीन. मागे पडदा, आणि पडद्यामागे मास्तरांची खाट, एक शेगडी आणि गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायला आरसा. सकाळी अंथरूण गुंडाळलं की दुकान उघडलं.

पानगळ हा त्यांचा हंगाम. पहिली थंडी पडली की लोक कपाटातून कोट काढतात आणि मग त्यांना कळतं की चेन अडकतेय, खिशाला भोक पडलंय, आणि उन्हाळाभर जोपासलेल्या पोटावर बटण काही लागत नाही. बटण सरकवून घ्यायला आलेला प्रत्येक जण सांगतो की कोट धुण्यात आटला. मास्तर गंभीरपणे मान हलवतात. "हल्ली कापडच तसं येतं," म्हणतात. मी म्हणायचे, मास्तर, कधीतरी एक दिवस दार लावा, तळ्याकडे फिरायला जा, माणसासारखं जगा. तर म्हणायचे, "मालकाला विचारून बघतो. फार खडूस आहे हो." मालकही तेच आणि नोकरही तेच, त्यामुळे रजेचा विषय तिथेच संपायचा.

मशीनशेजारी दोऱ्याच्या रिळांना टेकवून त्यांचा फोन उभा असायचा, आणि तो सतत चालू असायचा. पलीकडे त्यांच्या आई. वडील लवकर गेल्यावर आईंनी घरी शिवणकाम करून दोन्ही मुलं वाढवली. मास्तर लहानपणी त्या मशीनच्या पायाशी चिंध्यांवर झोपायचे, आणि आवाज थांबला की दचकून उठायचे. आता उलटं झालं होतं. आई तिकडे खाटेवर, उशाशी फोन, आणि फोनमधून लेकाची मशीन. बोलणं असं फारसं नाहीच. मधेच आई विचारायच्या, "जाड आहे का रे कापड?"

"हो. कोट आहे."

"हळू घे. सुई मोडशील."

मग पुन्हा खटखट. बाकी कोणाला हे वेड वाटलं असतं. मला मात्र हेवा वाटायचा. माझी आई असती तर तिने फोनवरून माझ्या स्वयंपाकातल्या चुकाच काढल्या असत्या.

या वर्षी आईंना विसर पडायला लागला. मास्तरांची धाकटी बहीण त्यांना सांभाळते. पानगळीच्या सुरुवातीलाच तिने सांगितलं, मी तिथेच बसले होते. "दादा, चेहरे गेले आता तिच्या डोक्यातून. मला कधी बाई म्हणते, कधी काकू. फक्त तुझी मशीन ऐकली की म्हणते, हा माझा मुलगा. तेवढं आहे तोवर येऊन जा. नंतर येऊन काय करणार?"

"येतो," मास्तर म्हणाले. "एवढं थंडीचं काम उरकू दे."

फोन ठेवल्यावर मी त्यांना फैलावर घेतलं. आई काय तुमच्या हंगामाप्रमाणे थांबणार आहे का, म्हटलं. ते बॉबिन भरत राहिले. मग त्यांनी खिडकीतून समोर बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे नवं दुकान उघडलं होतं. मोठी काच, पांढरा उजेड, चकचकीत मशिनी, आणि सकाळी दिलेला कपडा संध्याकाळी परत.

"आत्ता दार लावलं तर गिऱ्हाईक तिकडे जाईल. आणि एकदा तिकडे गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा रस्ता ओलांडत नाही, वहिनी. मला काय आईकडे जावंसं वाटत नाही का? पण परत येऊन उभं राहू कुठे? तिकडे माझं काही उरलेलं नाही. इथे आहे ते हे एवढंच."

मी उठून दवाखान्यात परतले, फोन उचलायला.

काम हातचं जाऊ नये म्हणून मास्तर लोकांच्या घरी जाऊन पडद्यांची मापं घ्यायला लागले. तेवढा वेळ फोन बंद. तिकडे आई कासावीस व्हायच्या, ताट ढकलून द्यायच्या, दाराकडे बघत बसायच्या. म्हणून एके दिवशी मास्तरांनी फोन समोर ठेवला आणि काम करता करता स्वतःच्या मशीनचा आवाज त्यात भरून घेतला. नेमकी तेव्हाच मी घंटी वाजवत आत शिरले. "झाला का माझा कोट?" "उद्या." "रोज उद्याच म्हणा तुम्ही." आणि दार आपटून बाहेर. तेही सगळं त्यात आलं. पुसून पुन्हा भरायला त्यांना सवड कुठली. होतं तसंच बहिणीला पाठवून दिलं.

आईंना फरक कळला नाही. बहीण फोन उशाशी ठेवायची, आई शांत पडून ऐकायच्या. मधेच विचारायच्या, "जाड आहे का रे?" उत्तर आलं नाही की स्वतःचीच समजूत घालायच्या, "कामात आहे तो."

मग दरवर्षीसारखी थंडीसाठी इथली घड्याळं तासाने मागे गेली, आईंच्या आणि यांच्या वेळा जुळेनात, दुकानात कोटांचा ढीग लागला. आधी कधीतरी लागणारा तो आवाज रोज लागायला लागला. मास्तर दुकानात बसलेले असले तरी तिकडे तोच लागायचा. रिळांपाशी फोनच्या जागी टाचण्यांची डबी आली. मला ते बघवलं नाही. माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "मास्तर, आईची सोय लावून टाकलीत तुम्ही."

"तिला बरं वाटतंय ना?" ते म्हणाले. "मग?"



एकदा बहिणीने हसत हसत सांगितलं की आईंचा माझ्यावर राग आहे. रोज ठरल्यासारखी घंटी वाजली की त्या खाटेवर उठून बसतात. "आली बघ ती भवानी. एक कोट काय दिलाय, पोराला दोन घास सुखाने खाऊ देत नाही." आम्ही दोघं पोट धरून हसलो. ज्या घराचा उंबरठा मी कधी पाहिला नाही तिथे माझी रोज हजेरी लागत होती.

ते हसू फार दिवस टिकलं नाही. पुढच्या वेळी बहिणीचा फोन आला तेव्हा ती हळू बोलत होती. "दादा, काल तिने भिंतीवरचा तुझा फोटो काढायला लावला. म्हणाली, कोणाचे पाहुणे आहेत, ज्यांचे असतील त्यांना देऊन टाका."

मास्तरांनी मशीन थांबवली. कोटात अडकलेली सुई वर काढली, दोरा कापला, घडी घातली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मालकाने रजा दिली, वहिनी."

निघायच्या आदल्या दिवशी ते झाले तेवढे कपडे घरोघर पोचवून आले. माझा कोट राहिला. मीही विचारला नाही. दुकान बंद असल्याचा पुठ्ठा दारावर लावताना ते बऱ्याच दिवसांनी मोकळं बोलले. "चेहरा ओळखला नाही तरी चालेल मला. घरी तिची जुनी मशीन आहे, अजून चालते. मी बसेन आणि चालवेन. पाय दाबायची माझी पद्धत तिनेच शिकवलेली. चेहरा विसरेल, ती नाही विसरणार."

मला खरंच वाटलं, ओळखतील. देवाशपथ वाटलं.

सांगून गेले होते त्याच्या बरेच आधी ते परत आले. झाडं पार ओकीबोकी झाली होती आणि गल्लीत दुपारीच दिवे लागत होते. दवाखान्याच्या दारातून मला त्यांच्या खिडकीत उजेड दिसला. मी कपात चहा घेऊन गेले. ते मशीनवर होते. समोरच्या दुकानात कोट देऊन लोक बाहेर पडताना दिसत होते, आणि मास्तर खाली बघत एका मुलीच्या जाकिटाची चेन बसवत होते. मी कप मशीनशेजारी ठेवला. त्यांनीच सांगायला सुरुवात केली, हात चालू ठेवून.

आई फार बारीक झाल्या होत्या. मास्तर पाया पडले तर म्हणाल्या, "या, बसा." बहिणीला म्हणाल्या, पाहुण्यांना चहा टाक. हे धरूनच ते गेले होते, त्यामुळे वाईट वाटलं तरी हबकले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुनी मशीन पुसली, तेल घातलं. कोटासारखा आवाज यावा म्हणून जुन्या चादरीच्या जाड घड्या घातल्या आणि शिवायला बसले. बहीण दारात येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांना आधीच धार लागली होती.

आई कोपरावर उठल्या.

"कोण आहे तिकडे? बंद करा ते," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा काम करतोय. मला ऐकू येत नाहीये."

आणि त्यांनी उशाशी ठेवलेल्या फोनकडे बोट दाखवलं.

मास्तरांनी मशीन बंद केली. खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि आईबरोबर ऐकू लागले. थोड्या वेळाने त्यातली घंटी वाजली आणि मी आत शिरले. "ही आली," आई म्हणाल्या. मी कोट मागितला. मास्तरांच्या आवाजात उत्तर आलं, उद्या. आई हसल्या.

"तिलाही उद्या सांगतो, मलाही उद्या सांगतो," त्या समोरच्या पाहुण्याला म्हणाल्या. "मनाने वाईट नाही हो. कामच तेवढं असतं त्याला. तुम्ही कुठले?"

"तिकडचाच," मास्तर म्हणाले. "त्याच्याच गल्लीतला."

आईंनी त्यांचा हात घट्ट धरला. "मग परत जाल तेव्हा एवढा निरोप सांगाल का? म्हणावं, काम राहू दे, एकदा येऊन जा. आई अजून आहे म्हणावं."

मास्तरांची चेन बसवून झाली होती. ती दोनदा वर-खाली करून बघितली आणि जाकीट बाजूला ठेवलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? सांगतो म्हटलं."

"आणि इतक्या लवकर का आलात? राहायचं होतं ना जरा. एखाद्या दिवशी ओळखलंही असतं."

"राहणारच होतो. पण सकाळी डोळा उघडला की तिचं सुरू. तुम्ही अजून गेला नाहीत? निघणार कधी? तुम्ही गेल्याशिवाय त्याला कळणार कसं?" त्यांनी चहाचा कप उचलला, बघितला आणि परत ठेवला. "मी तिथे बसलोय तोवर तिचा निरोप अडकून पडलेला. जेवेना. शेवटी बॅग भरली तेव्हा दोन घास खाल्ले. दारापर्यंत मागून सांगत होती, विसरू नका हं."

मास्तर उठले, दांडीवरून माझा तपकिरी कोट काढला, चिठ्ठी सोडवली आणि कोट माझ्यापुढे धरला. परत आल्या आल्या त्यांनी आधी तेच काम केलं होतं. खांद्यापाशी उसवलं होतं की नव्हतं, कळत नव्हतं.

आता सुट्टीत मी जाते ती नुसती बसायला. गिऱ्हाईक कमी झालंय, त्यामुळे बसायला जागा भरपूर आहे. बहीण अजूनही रोज तो आवाज लावते, नाही लावला तर आई जेवत नाहीत. परवा तिने कळवलं की आईंनी विचारलं, ते पाहुणे पोचले असतील ना, निरोप दिला असेल ना त्यांनी. मास्तर म्हणाले, सांग, दिला म्हणून. मी माझा कोट अंगात घालून तिथेच बसले होते. तिकडे मात्र मी रोज त्याच वेळी घंटी वाजवून आत शिरते, कोट मागते, आणि मास्तर मान वर न करता सांगतात, उद्या.